सत्तावन्नावं पान

सोमवारी सकाळी ग्रंथपालबाईंनी शाळेच्या वाचनालयाचं दार उघडलं, तर खिडकीजवळचं कपाट रिकामं. पाचही फळ्या साफ. आधी त्यांना वाटलं, चोरी झाली. मग शिपाई मान खाली घालून म्हणाला, "मोठ्या बाईंनी शनिवारी उचलायला लावली. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत आहेत, कुलपात."

त्या कपाटात त्रेचाळीस कादंबऱ्या होत्या. परीकथांचं वय सरलेलं आणि मोठ्यांची पुस्तकं अजून जड जाणारी, अशा सहावी ते आठवीच्या मुलांसाठी बाईंनी त्या अकरा वर्षांत एकेक करून जमवल्या होत्या. पुस्तक सुचवायची त्यांची एक रीत होती. "तुला काय वाचायला आवडतं?" असं त्या कधी विचारत नसत. त्या वयाची मुलं त्यावर नुसते खांदे उडवतात. त्या विचारायच्या, "या आठवड्यात कुणाचा राग आला?" मग काय, उत्तरं धो धो यायची. भावानं डायरी वाचली, संघातून वगळलं, मैत्रिणीनं बोलणं टाकलं. बाई ऐकून घ्यायच्या, कपाटाशी जायच्या आणि एक पुस्तक काढून हातात द्यायच्या. "वीस पानं वाच. नाही आवडलं तर माझ्या टेबलावर आणून आपट." वर्षाकाठी चार-पाच पुस्तकं खरोखर आपटली जायची.

बाई तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. समोरची खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत.

"लेखी तक्रार आलीय," मोठ्या बाई म्हणाल्या. "घर सोडून गेलेला बाप, खोटं बोलणारी आई. हे काय बाराव्या-तेराव्या वर्षी वाचायचं असतं?"

"तक्रार एका पुस्तकाची आणि कपाट अख्खं उचललंत?"

"उद्या दुसऱ्याची येईल. मी कशाला वाट बघू?"

"तुम्ही वाचलंय ते पुस्तक?"

"मला शाळा चालवायची असते, बाई."

त्यांनी तक्रारीचा कागद पुढे सरकवला. अक्षर बघताच ग्रंथपालबाईंची कानशिलं तापली. हे अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं होतं. तक्रार त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची होती.

धाकटीची मुलगी याच शाळेत सातवीत होती. पाच मिनिटं एका जागी टिकायची नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. गेले आठ महिने तिचे वडील घरी नव्हते. 'लांब बदली झालीय, रजा मिळत नाही,' असं तिला सांगितलं जाई. खरं काय ते मोठ्यांना माहीत होतं. त्यांनी दुसऱ्या शहरात दुसरा संसार मांडला होता. वाचनाच्या तासाला बाईंनी भाचीला तीन आठवडे तोच प्रश्न विचारला आणि तीन आठवडे ती म्हणाली, "कुणाचाच नाही." चौथ्या आठवड्यात म्हणाली, "फोनचा. बाबा उचलत नाहीत." त्यावर बाई उठल्या. कपाटातून ते पुस्तक काढून त्यांनी तिला दिलं.

संध्याकाळी त्या बहिणीकडे गेल्या. भिंगरी शिकवणीला गेली होती. धाकटी इस्त्री करत होती. तिनं वर बघितलंही नाही.

"मला फोन करता आला नसता तुला? सरळ शाळेत कागद?"

"तुला सांगून काय होणार होतं, ताई? तुला वाटतं जगातलं सगळं तुलाच कळतं." धाकटीनं इस्त्री दाणकन उभी केली. "माहितीय, जेवताना काय म्हणाली ती मला? म्हणाली, 'या पुस्तकातल्या आईनं सत्तावन्नाव्या पानावर खरं सांगून टाकलं. आपलं कितवं पान चालू आहे?' पुस्तक हिसकावून घेतलं मी आणि कागदासोबत शाळेत देऊन आले. तू दिलंस ना ते? मुद्दाम?"

"मग खरं सांग की तिला! किती दिवस झाकणार?"

"तुझ्या घरी नवरा आहे. तू नको शिकवूस."

बाई चपला घालून बाहेर पडल्या. बहिणीचं दुःख त्यांना कळत होतं. पण तेवढ्यासाठी तीनशे मुलांचं कपाट कुलपात जावं, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

गुरुवारी पालक समितीची बैठक होती. समितीत आठ पालक आणि त्यात धाकटीही. बाईंनी बोलायला वेळ मागून घेतला. प्रयोगशाळेमागच्या त्या खोलीच्या चाव्या शिपायाकडे असायच्या. 'माझ्यावर सोडा' म्हणत त्यानं त्यांना ते पुस्तक तेवढं काढून दिलं होतं.

"तुमच्यापैकी हे कुणी वाचलंय?" त्यांनी पुस्तक वर धरून विचारलं.

कुणी पाण्याचा पेला उचलला, कुणी मोबाईल उलटा ठेवला.

"तीन पानं तरी? मलपृष्ठ? नाही? मग मी वाचते. ज्या पानाचा एवढा गहजब झाला ते सत्तावन्नावं पान."

त्या उभ्यानंच वाचू लागल्या. पानावर फार काही नव्हतं. एक आई कामावरून येते, जिन्याच्या पायरीवरच बसते, बूट काढते आणि मुलीला सांगते की बाबा परत यायचे नाहीत. तुझ्यामुळे गेले नाहीत. मी खोटं बोलले, कारण ते वाक्य माझ्याच तोंडून ऐकायची माझी छाती नव्हती. मुलगी म्हणते, मला माहीत होतं. तू दमायची वाट बघत होते.

वाचताना बाईंनी मान वर केली. धाकटी खिळल्यासारखी बसली होती. त्या थांबू शकल्या असत्या. थांबल्या तर नाहीतच, उलट शेवटचा परिच्छेद त्यांनी आणखी सावकाश, शब्द सुटे करून वाचला. धाकटी उठली, पर्स खांद्याला लावली आणि कुणाकडे न बघता निघून गेली. दार तिनं अगदी हळू लावलं.

समितीनं मग अर्ध्या तासात निर्णय दिला. कपाट परत लावायचं, मात्र सहावीच्या मुलांना घरून सहीची चिठ्ठी आणावी लागेल. पुस्तक कुलपातून बाहेर कसं आलं, हे मोठ्या बाईंनी विचारलंच नाही, म्हणजे त्यांनाही ते कुलूप नकोसं झालं असावं. बाई जिंकल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी भांडी इतक्या जोरात घासली की नवऱ्यानं विचारलं, "आता कुणाशी भांडतेयस?" त्यांनी पुढचं पातेलं ओढलं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर भिंगरी वाचनालयात आली. डोळे सुजलेले, दप्तर एकाच खांद्यावर. ती टेबलासमोर उभी राहिली.

"आईनं सांगितलं काल. सगळं."

"बस, बाळा."

"नाही बसणार. तुला माहीत होतं?"

बाईंना क्षणभर वाटलं, काहीतरी गोल बोलून वेळ मारून न्यावी. "हो," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि वाढदिवसाला तू मला म्हणालीस, बाबांची बदली झालीय, साहेब रजा देत नाही. साहेब खडूस आहे म्हणालीस! मी त्या साहेबाला किती शिव्या घातल्या, मावशी. तो साहेब नव्हताच." तिचा आवाज चिरकला. "आई घाबरली होती. तिचं मी समजू शकते. तू कशाला घाबरलीस? तू सगळ्यांना विचारतेस, राग कुणाचा आला. तुला मला खरं सांगायचं होतं तर सांगायचं ना. पुस्तक कशाला पुढे केलंस?"

आठवडाभर त्या बहिणीवर, मोठ्या बाईंवर आणि समितीवर संतापल्या होत्या. त्या सगळ्या संतापात ही गोष्ट त्यांच्या एकदाही मनात आली नव्हती. बैठकीत त्यांनी ते पान खणखणीत आवाजात वाचलं होतं, पण या मुलीसमोर त्यातलं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"हो, चुकलं."

"आई कशी आहे?"

"रडते. आणि तुझ्यावर चिडलीय. मीपण." भिंगरीनं नाक बाहीला पुसलं. मग कपाटाकडे वळून तिनं फळ्यांवरून नजर फिरवली. "मला दुसरं पुस्तक पाहिजे. शेवटी सगळे एकमेकांना मिठ्या मारतात तसलं नको."

बाई उठायला लागल्या.

"तू नको. मी बघते माझी मी."

ती पाऊण तास कपाटापुढे फरशीवर बसून होती. एक पुस्तक काढायची, दोन पानं वाचायची, परत खुपसायची. बाई टेबलाशी हात बांधून बसून राहिल्या. शिपाई कुलूप घेऊन दाराशी आला, तेव्हा त्यांनी त्याला हातानंच थांबायची खूण केली.