जमुनाच्या तोंडाची हळद

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले त्या दिवसांत अकोल्याबाहेर, मोर्णा नदीच्या काठी, शेषराव माळ्याचा मळा होता. मळा म्हणजे वांगी होती, मेथी होती, शेवंतीचे वाफे होते आणि या सगळ्यांमागे राबून राबून कंबर धरलेली त्याची बायको मनकर्णाबाई होती. शेषराव भाजी घेऊन बाजारात गेला की सगळा मळा तिच्या एकटीच्या अंगावर पडे. तरणीताठी मुलगी घरात असताना एकटीच्या का? तर जमुनाला उन्हात जायची बंदी होती.

जमुनाच्या गालांवर मुरूम आले, गेले, आणि जाताना डाग ठेवून गेले. काही काळे, काही खोल, कणकेत बोट रुतावं तसे. मुरूम काय, कुणाच्याही पोरीला येतात. पण तिला पाहायला आलेली माणसं चहा पिऊन उठली ती पुन्हा फिरकली नाहीत, आणि तेव्हापासून मनकर्णाबाईने त्या डागांशी वैरच धरलं. मसुरीची डाळ दुधात वाटून झाली. जायफळ उगाळून झालं. संत्र्याच्या साली वाळवून, कुटून झाल्या. शेजारणीने सांगितलं, मावशीने सांगितलं, बाजारात भेटलेल्या कुण्या बाईने सांगितलं. सांगणारीचं काय जातं? वाटायचं मनकर्णाबाईने आणि सोसायचं जमुनाने. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, वयाबरोबर फिके होतील. पोरीचं वय वाढायची वाट पाहायला मनकर्णाबाईला सवड कुठे होती?

शेवटी ती इनायतुल्ला अत्ताराच्या दुकानी गेली. जडीबुटी विकणारा तो भला म्हातारा. त्याने आंबेहळदीचा एक तुकडा दिला आणि आठवड्यातून एकदा, चिमूटभर, सायीत उगाळून लावा म्हणून बजावलं. डाग पुसले जाणार नाहीत, जरा दबतील, हेही त्याने लपवलं नाही. मनकर्णाबाईच्या कानात यातली शिरली ती फक्त हळद. आणि हळद तर तिच्या मळ्यात वाफाभर उभी होती. घरचा माल असताना चिमटीने कोण मोजतं? तुकडा संपला तशी तिने ओली हळद उपटली, पाट्यावर वाटली आणि रोज सकाळी गोळाच्या गोळा पोरीच्या तोंडाला फासू लागली. आंबेहळद वेगळी नि भाजीत घालायची हळद वेगळी, हे माळ्याच्या बायकोला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ती थकली होती, आणि हळद दाराशी होती.

तोंड पिवळंजर्द झालं आणि धुऊन निघेना. आधी मनकर्णाबाई घाबरली. मग तिच्या ध्यानात आलं की त्या पिवळेपणात डाग पार बुडून गेले आहेत. तेवढ्यात पातूरहून निरोप आला, मुलगी पाहायला येतो. मग काय, तिने तो रंग काढायचं नावच घेतलं नाही. उलट नुसतंच तोंड पिवळं दिसू नये म्हणून गळा, हात, पायसुद्धा चोळून काढले. पोरीची कांतीच तशी आहे असं वाटेल, असा तिचा अंदाज. जमुनाने हातपाय पुढे केले. लेपाखाली तोंड न हलवायची तिला सवयच झाली होती.

पातूरहून बैलांच्या दमणीत बसून मुलाची आत्या गोदाबाई आली, बरोबर घरचे दोघं पुरुष. जमुना मान खाली घालून पाटावर बसली. गोदाबाईने नाव विचारलं, रांधता येतं का विचारलं आणि कुंकू लावायला हात पुढे केला. हात मध्येच थांबला. तिने जमुनाचा पंजा उलटा करून पाहिला, नखं पाहिली, पावलांकडे नजर टाकली. मग कुंकवाचं बोट तसंच धरून ती मनकर्णाबाईकडे वळली.

"ही हळद कोनाच्या नावाची व बाई?"

मनकर्णाबाईला आधी कळेचना. मग तिने पोरीकडे पाहिलं. तोंडाला, गळ्याला, हातापायाला हळद. अशी तर नवरीच असते. हळद लागून लग्न मोडलेली पोर हे आपल्या गळ्यात बांधताहेत, असं या बाईला वाटलं होतं. हे बोलणं एकदा पातूरला पोचलं की इथून अमरावतीपर्यंत जमुनाला घर मिळणार नव्हतं. खरं सांगावं तर डाग दाखवावे लागणार, न सांगावं तर पोर जन्माची बसणार. आपण इथंच आडवं व्हावं आणि कुणी काही विचारू नये, एवढंच तिला वाटत होतं. शेषराव तिच्या तोंडाकडे पाहत होता.

जमुना पाटावरून उठली.

"मी तोंड धुऊन येतो, माय."

मागल्या दारी रांजणापाशी ती शिकेकाईने तोंड घासत होती ते घरात सगळ्यांना ऐकू येत होतं. परत आली ती थेट अंगणात, उन्हात जाऊन उभी राहिली. रंग पुरता गेला नव्हता, पण डाग एकूण एक वर आले होते.

"याच्यासाठी लावून राहिली होती माय," ती गोदाबाईला म्हणाली. "कोनाच्या नावाची नाही."

गोदाबाई जवळ गेली. हनुवटी धरून तिने ते तोंड नीट पाहिलं, आणि मघाचं कुंकू जमुनाच्या कपाळाला लावलं. मनकर्णाबाईच्या जिवात जीव आला.

"डागाचं काय घेऊन बसली व बाई," गोदाबाई तिला म्हणाली. "माह्या भाच्याच्या तोंडावर याहून जास्त हायेत. पन तुमी लपवलं. आज तोंड लपवलं, उद्या काय लपवसान?"

मंडळी चहा न घेताच उठली. शेषराव दमणीमागे बांधापर्यंत विनवत गेला आणि एकटाच परत आला. सरळ मळ्यात गेला.

मनकर्णाबाई ओसरीवर बसून राहिली. रडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. पोरीच्या डागांनी काही बिघडवलं नव्हतं. जे बिघडलं ते आपल्याच हातांनी, हे तिला आता लख्ख दिसत होतं, आणि ते हात पिवळेच होते. जमुना येऊन शेजारी बसली. घासून घासून तिचे गाल लाल झाले होते, आग होत असणार. मनकर्णाबाईने हात उचलला, तशी पोरीने सवयीने डोळे मिटले, तोंड पुढे केलं आणि श्वास रोखून धरला.

"काही नाही लावून राहिलो, पोरी," मनकर्णाबाई म्हणाली. "नुसता हात हाये."