बिनवासाची पूड

भुरकेसाहेबांचं खरं नाव कचेरीत कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. चमचा तोंडाशी नेऊन ते असा काही भुरका मारत, की खालच्या मजल्यावर गोण्या रचणारी माणसं मान वर करून बघत. पण हसू नका, चहाची पारख अशीच करतात. जोरात भुरका मारायचा, चहा जिभेवरून टाळ्यापर्यंत खेळवायचा आणि थुंकून टाकायचा. दिवसाला दोनशे कप. कुठला माल घ्यायचा आणि कुठला परत पाठवायचा हे त्या भुरक्यावर ठरे, आणि सव्वीस वर्षं बिनबोभाट ठरत आलं होतं.

गेल्या महिन्यात मात्र त्यांच्या जिभेने दगा दिला. निदान त्यांना तरी तसंच वाटलं.

डोंगरावरचा चहा घ्या की सपाटीवरचा, प्रत्येक कपात त्यांना कसलीशी फुलासारखी गोडसर चव लागायला लागली. दोन चांगले माल त्यांनी ‘वास लागलाय’ म्हणून परत पाठवले आणि शेजारच्या कंपनीने ते आनंदाने उचलले. मग घाबरून त्यांनी हात जरा सैल सोडला, तर एक चक्क कुबट माल पास होऊन गेला! गिऱ्हाइकाने तो परत धाडला तेव्हा धाकटे मालक स्वतः जिना चढून वर आले.

“साहेब, वय काय कुणाला चुकलंय?” ते अगदी गोड आवाजात म्हणाले. “शनिवारी बाहेरून एक पारखी बाई बोलावल्यात. बारा कप ठेवू, नाव-गाव काही सांगायचं नाही. दोघांनी चाखायचं. तुमचं जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर खुर्ची त्यांना द्यावी लागेल.”

पारखी माणसाची जीभ गेली की उरतं काय? नुसता भुरका!

घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. रविवारी जेवताना बायको पहिला घास घेऊन थांबली. “अहो, भाजीत मीठच नाही! तुम्ही अर्धी वाटी संपवलीत आणि बोलला नाहीत?” मीठ नाही हे त्यांना पहिल्याच घासाला कळलं होतं. पण आता स्वतःच्या जिभेवर बोलायचं धाडस कुठून आणायचं? “मला वाटलं, मलाच लागत नाहीये,” ते पुटपुटले. बायकोने त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि मिठाची बरणी पुढे सरकवली.

सोमवारी दुपारी ते टेबलाशी डोकं धरून बसले होते. समोर चाखून झालेल्या कपांची रांग होती. कप न्यायला मावशी आल्या. या मावशी नमुन्याच्या खोलीला लागून असलेल्या मोरीत एकोणीस वर्षं हाताने कप धुवत आल्या होत्या. गेल्या महिन्यात धाकट्या मालकांनी हौसेने डिशवॉशर आणला. तेव्हापासून मावशी त्यात कप लावत, साबणाची निळी वडी टाकत आणि बटण दाबत.

“साहेब, एक विचारू? रागवायचं नाही.”

“विचारा.”

मावशी मोरीतून दोन कप घेऊन आल्या. दोन्ही बशीने झाकलेले. “नुसतं गरम पाणी आहे. झाकण काढायचं आणि वास घ्यायचा.”

पहिल्या कपाला कसलाच वास नव्हता. दुसऱ्याची बशी उचलली आणि भुरकेसाहेब ताडकन उभेच राहिले. तीच ती! फुलासारखी, लिंबासारखी, महिनाभर छळणारी गोडसर भुताटकी, आणि तीही नुसत्या पाण्यात.

“पहिला मी हाताने धुतलाय, दुसरा मशीनमधला,” मावशी म्हणाल्या. “त्या निळ्या वडीला अत्तर लावलेलं असतंय. थंड कपाला कळत नाही, गरम ओतलं की उठतं. तुम्ही महिनाभर तोंड वाकडं करताय ते बघत होते. म्हटलं, माणूस सव्वीस वर्षांत बिघडला नाही तो आत्ताच कसा बिघडेल?”

भुरकेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं घळाघळा आलं. मग ते दाराकडे धावले. “आत्ताच्या आत्ता मालकांना सांगतो. फेकून द्या म्हणावं ते धूड!”

“थांबा हो! एवढ्या हौसेने आणलंय त्यांनी. तुम्ही आत्ता गेलात तर म्हणतील, जीभ गेली आणि खापर मशीनवर फोडतोय.”

ते खरंच होतं. भुरकेसाहेब परत येऊन बसले. “मग शनिवारी तुम्ही कप हाताने धुऊन द्या.”

“देईन की. आणि सोमवारी? मंगळवारी?” मावशींनी हात पुढे केले. बोटांना चिरा पडलेल्या, नखं सोड्याने खाल्लेली. “एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, या महिन्यात रात्री मलम लावावं लागलं नाही मला. मशीन गुणाचं आहे, साहेब. त्याच्या पोटात काय घालायचं तेवढं बघायचं. ते मी बघते.”

आणि त्यांनी बघायला घेतलं.

मंगळवारी भुरकेसाहेब नमुने मांडत होते, तेवढ्यात मोरीच्या दाराखालून पांढरा फेस बाहेर आला. आधी वीतभर, मग हातभर, मग खोलीभर! मावशींनी भांडी घासायचा बिनवासाचा पातळ साबण दोन चमचे आत घातला होता. हाताने घासताना दोन चमचे म्हणजे काहीच नाही, पण मशीनने तो असा काही घुसळला की बस. साहेबांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोघं रिकाम्या गोण्या घेऊन फेस पुसायला लागली.

“वर काय चाललंय?” जिन्यातून धाकट्या मालकांचा आवाज आला.

“काही नाही, फरशी धुतोय!” भुरकेसाहेब ओरडले, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना हसू फुटलं.

मग फेसाचा नाद सोडून मावशी धुण्याच्या सोड्याकडे वळल्या. सोडा तीन वाट्या, मीठ एक वाटी. चहाचे पिवळे डाग असे गेले की कप नवे वाटावेत. पण वाळल्यावर कपांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसायला लागला, आणि त्यात चहा ओतला तर त्याचा रंगच काळवंडला. मावशींनी कपात गरम पाणी घेऊन घोट घेतला. “सोडा राहिलाय,” त्या म्हणाल्या. भुरकेसाहेबांनी घोट घेतला. त्यांना दुसऱ्या घोटाला कळलं.

“घरच्या किटलीतला असला थर मी लिंबाच्या सत्त्वाने काढते,” मावशी म्हणाल्या. “त्याला वासही नसतो.” त्यांनी वाटीभर लिंबूसत्त्व त्याच पुडीत कालवलं आणि बरणी मोरीत ठेवून दिली. गुरुवारी सकाळी बघतात तर पूड फसफसून फुगलेली आणि वर दगड झालेली. चमचा आत रुतून बसला तो निघेचना. खरवडून काढलेल्या पुडीने कपांचे डागही गेले नाहीत आणि थरही गेला नाही.

भुरकेसाहेबांनी हात टेकले. “जाऊ दे मावशी. माझ्या नशिबात असेल तसं होईल.”

मावशींचं लक्षच नव्हतं. बरणी मांडीवर घेऊन त्या मोरीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. मग त्या एकदम म्हणाल्या, “ही दोघं भांडतायत हो! सोडा आणि आंबट. बरणीतच एकमेकांना मारून मोकळी होतात, कपापर्यंत पोचतंय कोण? यांना एका घरात ठेवायचंच नाही.”

सोडा आणि मीठ गेलं दाराच्या खणात, ते सुरुवातीला धुवायला. लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून गेलं शेजारच्या छोट्या टाकीत, जिथून मशीन शेवटच्या विसळणीला थेंब थेंब घेतं. सोड्याने डाग काढायचे आणि सोडा गेला की मागचा थर आंबटाने. त्यावर आंबट राहू नये म्हणून नुसत्या पाण्याचा एक फेरा. शुक्रवारी दुपारी मावशींनी दार उघडलं. कप कोरडे, पांढरेशुभ्र, हाताला कुरकुरीत. गरम पाणी ओतून दोघांनी वास घेतला.

काही नाही. अगदी काही म्हणजे काही नाही!

भुरकेसाहेब मावशींकडे बघतच राहिले. ते स्वतः रसायनशास्त्राची पदवी घेतलेले. आम्ल काय, अल्क काय, पुस्तकात पान भरभरून लिहिलं होतं त्यांनी. आणि या बाईने चार दिवसांत, एका मोरीत, स्वतःच्या नाकाच्या आणि जिभेच्या जोरावर ते पान उलगडून दाखवलं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त कौतुक वाटलं.

शनिवारी पारखी बाई आल्या. करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. मालकांनी बारा कप मांडले, तळाला नंबर लिहून. दोघांनी पाठोपाठ चाखलं आणि वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं. भुरकेसाहेबांचा पहिला भुरका जरा कापरा निघाला. मग चहाची चव जिभेवर आली, स्वच्छ, ओळखीची, नातलग दारात उभा राहावा तशी. त्यानंतरच्या भुरक्यांना खालच्या माणसांनी माना वर केल्या.

मालकांनी कागद शेजारी शेजारी ठेवले. बाराच्या बारा जुळले.

“वा साहेब!” मालक म्हणाले. “मग महिनाभर झालं होतं काय? सर्दी?”

सर्दी म्हणून सुटता आलं असतं. पण भुरकेसाहेबांनी सगळं सांगितलं. निळी वडी, फेस, दगड झालेली बरणी, मावशी. मालकांनी वडीच्या कपात आणि पुडीच्या कपात गरम पाणी ओतून हुंगलं. “मला तर दोन्ही सारखेच,” ते ओशाळून म्हणाले. पारखी बाईंनी हुंगलं, थांबून पुन्हा हुंगलं, आणि मान डोलावली. “बारीक आहे फार. मला पहिल्या खेपेला सापडलं नसतं.”

मावशी तोवर कप गोळा करत होत्या. उरलेला चहा मोरीत ओतण्याआधी प्रत्येक कपातला एक घोट त्या घेत होत्या, सवयीने, कुणाकडे न बघता. सातव्या कपाशी त्यांचं तोंड वाकडं झालं.

“काय झालं?” पारखी बाईंनी विचारलं.

“काही नाही.”

“सांगा ना मावशी,” भुरकेसाहेब म्हणाले.

“हा जरा करपलाय. वाळवताना भट्टीत जास्त राहिला असेल. घशाशी लागतं, अगदी शेवटी.”

सातव्या कपाला दोघांनीही ‘निर्दोष, कडक’ असं लिहिलं होतं. भुरकेसाहेबांनी चमचा बुडवला. चहा गार झाला होता. गिळता गिळता, अगदी शेवटी, घशाशी काहीतरी जळकं लागलं. पारखी बाईंनी दोनदा चाखलं आणि आपल्या कागदावर सातपुढची ओळ खोडली.

“गरम असताना झाकलं जातं ते,” मावशी संकोचून म्हणाल्या. “माझ्या वाट्याला गारच येतो ना. चहा ओतून टाकवत नाही, म्हणून एकेक घोट घेते रोज.”

“एकोणीस वर्षं?” भुरकेसाहेबांनी चमचा खाली ठेवला. “मावशी, एकोणीस वर्षं तुम्हाला हे कळत होतं? मग कधी बोलला का नाहीत?”

मावशींना प्रश्नच समजला नाही. त्यांनी ओले हात पदराला पुसले.

“मला वाटायचं, तुम्हाला कळतच असणार.”