भाजलेल्या हेझलनटचा वास

इत्सुओ नागासे जपानमधल्या कोफू शहरातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये पाहुण्यांचे ग्लास भरायचं काम करत असे. पन्नाशीला टेकल्यावर त्याच्या मनानं घेतलं, की आता रीतसर परीक्षा देऊन सोमेलिए व्हायचं. वाइन पारखून पाहुण्याला वाढणारा जाणकार म्हणजे सोमेलिए. त्यांच्या कोटाच्या कॉलरवर द्राक्षाच्या घडाचा सोनेरी बिल्ला असतो. नागासेला वाइनपेक्षा त्या बिल्ल्याचाच मोह जास्त होता, आणि स्वतःशी तो हे कबूलही करायचा.

सोमवारी हॉल बंद असे, म्हणून सोमवार दुपारच्या अमेमियाबाईंच्या वाइनच्या वर्गात त्यानं नाव घातलं. तेवढ्यात त्याला फ्लूनं गाठलं. ताप उतरला, खोकला थांबला, पण गेलेला वास काही परत आला नाही. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी आणि मिसो सूप म्हणजे खारट गरम पाणी झालं. नाक जागच्या जागी होतं, पण आता ते फक्त चष्मा टेकवायच्या कामाचं उरलं होतं.

शहाण्या माणसानं डॉक्टर गाठला असता. नागासेनं गप्प राहायचं ठरवलं. बिल्ला मिळणार, हे तो हॉलमधल्या आचाऱ्यापासून घराखालच्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगून बसला होता.

नशीब असं, की वर्गात नेमक्या त्याच वेळी फेसाळत्या वाइन सुरू झाल्या. त्यात बुडबुडे असतात, आणि बुडबुडे दिसतात, टोचतात, ऐकूसुद्धा येतात. नागासे ग्लास कानाशी धरू लागला. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली शॅम्पेन बारीक सुरात कुजबुजते, जिभेला आंबट झोंबते. स्पेनची कावा बनते तशीच, पण आंबटपणात जरा सौम्य. मोठ्या टाकीत फेसाळलेली इटलीची प्रोसेक्को भसाभसा बोलते आणि लवकर दमते. आस्ती गोड, ती तर लहान मूलही ओळखेल. लाम्ब्रुस्को बहुतेक वेळा लालभडक असते, तिला डोळे पुरतात. आणि तळाशी गाळ ठेवून गढूळच राहिलेली ती जुन्या पद्धतीची वाइन लांबूनच कळते.

उरलेलं काम पाठांतरानं भागवलं. शॅम्पेन कळली की म्हणायचं, "भाजलेला पाव, हेझलनट." प्रोसेक्को कळली की, "पेअर, पांढरी फुलं."

सहापैकी पाच तरी बरोबर यायच्या. वर्ग थक्क झाला. उएहारा नावाचा एक दातांचा डॉक्टर वर्गात होता, तोही ग्लास कानाला लावू लागला.

"नागासेसान, मला नुसतं सूं ऐकू येतंय हो."

"सवय लागते," नागासे म्हणाला, आणि आपल्याच आवाजातला मोठेपणा ऐकून मनात शरमला. पण कान काही ग्लासापासून काढला नाही.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी अमेमियाबाईंनी जपून ठेवलेली जुनी शॅम्पेन आणली. मोठी कडक बाई. पण त्या दिवशी खुशीत होत्या.

"नागासेसान, पाहुण्यांपुढे उघडतात तशी उघडा. आधी तुम्ही चाखा, मग सगळ्यांना वाढा. मी एवढा फोन घेऊन आलेच."

नागासेनं बूच अलगद सोडवलं, ग्लासात घोटभर ओतली, कानाशी धरली, नाकाखाली फिरवली, डोळे मिटले. नाटक आता अंगवळणी पडलं होतं.

"अप्रतिम," तो म्हणाला. "भाजलेला पाव. मागून हेझलनट."

सगळ्यांना वाढून झालं. जो तो ग्लासात नाक घालून शेजाऱ्याकडे तिरकं बघू लागला.

"हं... हेझलनट आहे खरं," उएहारा म्हणाला.

"पावही आहे. थोडा... दमट पाव," मागून कुणीतरी पुस्ती जोडली.

बाई आत आल्या. ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"कोण म्हणालं हेझलनट?"

सगळ्यांच्या माना नागासेकडे वळल्या.

"हा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आहे. बूच खराब निघालंय. बाटली वाया गेली." बाई वर्गावरून नजर फिरवत म्हणाल्या, "तुम्हाला कुणालाच नाही आला वास?"

उएहारा चाचरत उठला. "आला बाई. आमच्या न्हाणीघरासारखा वाटला. पण नागासेसान हेझलनट म्हणाले, तेव्हा मला वाटलं आमच्या न्हाणीघरालाच हेझलनटचा वास येत असेल."

कुणीतरी फिसकन हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. नागासेला पळून जावंसं वाटलं, पण हातात बाटली होती.

"मला वासच येत नाही," तो म्हणाला. "फ्लू झाल्यापासून. आजवर सगळं कानानं आणि पाठांतरानं चालवलं."

"नाक जाणं हा गुन्हा नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण एवढ्या माणसांना वास आला आणि तुमच्यामुळे ती गप्प बसली. उद्या पाहुणाही तुमच्या भरवशावर खराब वाइन पिईल, आणि वर आभार मानेल. डॉक्टरकडे जा. परीक्षा यंदा राहू दे."

घरी येऊन त्यानं बायकोला, सुमीला, सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, तिनं मान वर केली नाही.

"मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"मासा करपून कोळसा झाला, शेजारीण धावत आली, आणि तुम्ही टेबलाशी बसून म्हणालात, काय घमघमाट सुटलाय! तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"वर्गातून आलात की इतके खूश असायचात. कानाला पेला लावून बसायचात, घरातल्या चहालासुद्धा. म्हटलं, राहू दे."

नागासेला हसू आलं.

डॉक्टरांनी रोज ठरावीक वास हुंगायला सांगितले. सुमी त्याच्या नाकाखाली युझू नावाच्या लिंबाची साल धरायची, लवंग धरायची. "काही?" "काही नाही." महिने असेच गेले. बाकीचा वर्ग परीक्षेला बसला. उएहारा पास झाला आणि म्हणे दवाखान्याच्या पांढऱ्या कोटावर बिल्ला लावून दात काढू लागला. नागासेला हेवा वाटला. हॉलमध्ये मात्र आता तो प्रत्येक बाटली आधी आचाऱ्याला हुंगायला द्यायचा. आचारी वैतागून हुंगायचा.

शरदात एका लग्नात तो कोशू द्राक्षाची फेसाळती वाइन वाढत होता. नवरीचे आजोबा काळा, घराण्याचं चिन्ह असलेला किमोनो घालून ताठ बसले होते. नागासे त्यांचा ग्लास भरायला वाकला, आणि काहीतरी नाकात शिरलं. उग्र, झोंबणारं, कपाळापर्यंत चढणारं.

डांबराच्या गोळ्या! वर्षानुवर्षं पेटीत पडलेल्या किमोनोतल्या डांबराच्या गोळ्या!

तो वाकलेला तसाच राहिला. आजोबांच्या खांद्याजवळ नाक नेऊन त्यानं दीर्घ श्वास घेतला. मग आणखी एक. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पलीकडे बसलेली नवरीची आईही ते पाहून रडायला लागली.

"काय रे, काय झालं?" आजोबा बिचकून म्हणाले.

"काही नाही, आजोबा," नागासे नाक ओढत म्हणाला. "तुमचा किमोनो फार सुंदर आहे. जरा असंच बसता का?"