हॅम्बर्गची चांदी

रोहिदास सोनारानं नाणं मुशीत टाकलं आणि लगेच चिमट्यानं बाहेर काढलं.

"ताई, एकदा इचार करा. तीनचारशे वर्सांचं हाय हे. चांदी काय, दुसरी देतो मी."

सवितानं नवऱ्याकडं पाहिलं. हौसराव दुकानाच्या पायरीवर, शिरूरच्या बाजाराकडं तोंड करून उभे.

"दुसरी चालत न्हाई," ते न वळताच म्हणाले. "वीराचा टाक त्याच्याच चांदीचा. आमच्यात तशीच रीत हाय."

बिनलग्नाचं गेलेलं पोर टाक होऊन देव्हाऱ्यात बसल्याशिवाय त्याला थारा नाही, असं थोरल्या जाऊबाईंनी बजावलं होतं. सत्यजीतच्या अंगावर चांदीचं साधं कडंही नसायचं. होतं ते एवढंच. कारखान्यातल्या जर्मन साहेबानं निवृत्त होताना त्याच्या हातावर ठेवलेलं, हॅम्बर्गचं नाणं. त्यावर तीन बुरुजांचा दरवाजा. 'माझ्या गावचं आहे, कधीतरी घेऊन ये,' म्हणाला होता साहेब. तेव्हापासून पोरगं जेवतानासुद्धा जर्मन पुटपुटायचं.

"राजाचं तोंड कुठंय ह्याच्यावर?" हौसरावांनी तेव्हा विचारलं होतं.

"राजा नव्हताच, आबा. गावच आपलं नाणं पाडायचं."

"आपल्या ग्रामपंचायतीला सांग की. दोन दिसांत पितळंचं निघंल!"

किती हसले होते तिघं. पुढं व्हिसा आला आणि चौथ्या दिवशी भीमेच्या पुलावर ट्रकनं त्याची गाडी उडवली.

"टाका," सविता म्हणाली.

आधी बुरुज खचले की दरवाजा, तिला कळलं नाही. डोळ्यांना पदर लावला तेवढ्यात मुशीत नुसती चांदी उरली होती.

सोनारानं तिचा पत्रा केला, साच्यावर ठोकला. घोडा, स्वार, तलवार. कुणाच्याही पोराचा असतो तसाच. सवितानं टाक उलटा करून पाहिला. मागं नुसता खळगा. तिनं बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही.

हौसराव आता कुठं आत आले. चष्मा नव्हता, म्हणून टाक तळहातावर घेऊन लांब धरला. बराच वेळ.

"घोड्यावर बसलं शेवटी," ते म्हणाले.

मग टाक छातीशी धरला आणि वरातीला वाट करून द्यावी तसा दुसरा हात गर्दीत पुढं करत ते पायरी उतरले. सविता चार पावलं मागून चालू लागली.