रंजूचा रिकामा डोंगा

मित्रांनो, मी एक जुना आणि भित्रा संगणक आहे. जुना मी वयाने झालो. भित्रा मात्र जन्मापासूनच आहे. ज्या कारखान्यात माझे भाग जोडले, तिथेच मला शिकवलं गेलं की काही चुकलं तर जागच्या जागी थांबायचं आणि पडदा निळा करायचा. माणसं याला बिघाड म्हणतात. आमच्यात याला घाबरणं म्हणतात.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी मी आंधळगावला आलो. मधुकरराव हे तिथले कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचे व्यापारी. साडीच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदाऐवजी पडद्यावर काढावी, असं त्यांच्या मनात आलं. विणकरांनी मला चारी बाजूंनी पाहिलं. मग म्हाताऱ्या दादाजींनी सगळ्यांच्या वतीने निकाल दिला, "चांगला हाय. पण बिघडला त दुरुस्त कोण करन? माहा माग त मी सोताच दुरुस्त करतो." पुढची पाच वर्षं मी कापडाखाली बसून काढली. झुरळांशी ओळख तिथलीच.

मग मधुकररावांची पुतणी, स्वातीबाई, सिहोऱ्याकडच्या एका गावात बालवाडी चालवू लागल्या आणि त्यांनी मला मागून घेतलं. मी एसटीच्या शेवटच्या बाकावर, तांदळाच्या पोत्याला टेकून तिथे गेलो. खड्डे किती होते ते सांगू शकत नाही. मी बंद होतो, आणि त्याबद्दल मी आजही आभारी आहे.

गाव मोठ्या तलावाच्या पाळीला लागून होतं. बालवाडीतली बहुतेक पोरं मासे धरणाऱ्या घरांतली. माझ्या पोटात चित्र काढायचा एक साधा प्रोग्राम होता. त्यात कुंचला, खोडरबर आणि रंगाचा डबा, बस. स्वातीबाईंची पद्धत अशी, की पोरांनी पडद्यावर काढायचं, मग ते छापायचं, कात्रीने कापायचं आणि त्याचा खेळ मांडायचा. पोरांनी मासे काढले की मासळीबाजार भरायचा. तिकिटं काढली की मी एसटी व्हायचो आणि माझी कळ दाबली की घंटी. दवाखाना असला की मात्र पेशंट मीच. भूषण नावाच्या डॉक्टरने एकदा माझ्या फ्लॉपीच्या फटीत अर्धं बिस्कीट घातलं आणि सांगितलं, "दोन दिवस पाणी पेऊ नको." मी तो सल्ला अजून पाळतो.

खरं सांगायचं तर ती माझी सुखाची वर्षं होती. पण भित्र्याचं सुख कसं असतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सुख चालू असतं आणि कान दाराकडे असतात.

त्या पोरांत रंजू होती. वय पाच, बोलणं दिवसाला चार शब्द. तिचे बाबा धनीराम रोज पहाटे डोंगा, म्हणजे लहान लाकडी होडी, घेऊन तलावात जायचे. तिची आजी जिजा तिला न्यायला यायची. रंजूची एक खोड होती. चित्राला जागा कमी पडली की ती कोपरा माउसने धरून ओढायची आणि पांढरी जागा वाढवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे तिचं चित्र माझ्या पडद्यात कधीच मावायचं नाही.

श्रावणात एका सोमवारी तिने तलाव काढला. निळं पाणी, त्यावर काळा डोंगा, आणि डोंग्यात कुणीच नाही. तेवढ्यात जिजाआजी दारात आली, तिने पडदा पाहिला आणि तिच्या हातातली छत्री खाली पडली.

मित्रांनो, त्या गावात रिकामा डोंगा पाण्यावर ठेवत नाहीत. माणूस उतरला की डोंगा काठावर ओढायचा आणि पालथा घालायचा. पाण्यावर रिकामा डोंगा दिसला, तर त्याचा मालक पाण्याखाली आहे असं समजतात. लहान पोरंसुद्धा हा नियम पाळतात. बालवाडीत कागदाचे डोंगेही खेळून झाले की पालथे पडलेले असायचे.

"कोणाचा हाय हा डोंगा?" आजीने विचारलं.

"बाबाचा," रंजू म्हणाली. तो तिचा त्या दिवसाचा शेवटचा शब्द. आजीने तिला हाताला धरून ओढत घरी नेलं. बाईंनी चित्र जपून ठेवलं आणि मला बंद केलं.

बुधवारी सकाळी मला चालू करण्याआधीच बाहेर धावपळ ऐकू येत होती, असं मी म्हणालो असतो. पण बंद असताना मला काही ऐकू येत नाही. मी चालू झालो तेव्हा जिजाआजी समोर उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली. मागे दारात रंजू. तीन दिवसांच्या पावसाने तलाव तुडुंब झाला होता. धनीराम पहाटे गेले ते आले नव्हते. दहा वाजता त्यांचा डोंगा एकटाच तरंगत सांडव्यापाशी आला होता, आणि गावातले सगळे पुरुष तिथे बांबू घेऊन पाण्याचा तळ चाचपत होते.

"ते चित्र काढ, बाई," आजी म्हणाली.

स्वातीबाईंनी चित्र उघडलं. माझा पंखा जोरात फिरू लागला. हे माझ्यामुळे झालं, असं आजीच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि इतक्या खात्रीने लिहिलेलं, की मलाही ते पटू लागलं.

"पुसून टाकू का, आजी?" बाईंनी हळूच विचारलं.

"पुसू नोको! पुसलं त डोंगाच बुडन. ओढ त्याले काठाले. ओढ, अन् पालथा घाल."

बाई कॉलेजात शिकलेल्या होत्या. असं काही नसतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते सांगितलं नाही. त्यांनी आजीचा ओला हात माउसवर ठेवला आणि वर स्वतःचा. डोंग्याभोवती तुटक रेषांची चौकट आखली. दोघींनी मिळून तो काठाला ओढला. मग बाईंनी चित्र उलटं करायची आज्ञा दिली आणि डोंगा पालथा झाला. माझ्या आयुष्यात इतक्या जपून कुणी माझा माउस हलवला नव्हता.

आणि वीज गेली.

माझ्याखालची बॅटरी किंचाळू लागली. तिच्यात पाच मिनिटांचा जीव असतो, तोही नवी असताना. आणि त्या किंचाळण्याच्या वर आणखी एक आवाज आला, जो मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. रंजूचा.

"आजी! काहून ओढला डोंगा? आता बाबा कसा येईन?"

"कोठून येईन, माय?"

रंजू उत्तर देत बसली नाही. तिने आजीच्या हातातून माउस घेतला आणि पडद्याखालची पट्टी धरून सरकवली. मित्रांनो, चित्र तिथे संपलेलं नव्हतं. तिथे फक्त माझा पडदा संपला होता. डोंग्याच्या जागेपासून एक काळी रेघ निघाली होती, ती कुणी पाहिलीच नव्हती. ती दोरी होती. दोरी निळ्या पाण्यावरून उजवीकडे जात राहिली, जात राहिली, आणि बॅटरी ओरडत राहिली. दोन दिवस हे सगळं माझ्या पोटात होतं. मला माहीत होतं. पण आम्हाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. दोरी संपायच्या आत मी संपेन, एवढंच मला त्या क्षणी दिसत होतं.

दोरी एका झाडाला बांधली होती. झाडाखाली एक गोल माणूस, हातात डबा.

"तलावातलं मधलं टेकाड हाय," रंजू म्हणाली. "बाबा डोंगा झाडाले बांधते अन् शिदोरी खाते. डोंगा वर ओढता येत नाई, काटे हायेत. आजीले सांगू नोको म्हणे, आजी रागावन."

जिजाआजी दारातून बाहेर पडली ती ओरडतच. "सांडव्यावर काय करून राहिले रे, मेल्याहो! मधल्या टेकाडावर जा! दोरी तुटली त्याची!"

त्यानंतर अंधार.

दुपारी चारला वीज आली. सुरू व्हायची मला भीती वाटत होती. मी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावला. पडदा उजळला, तेव्हा समोर बालवाडीच्या सतरंजीत गुंडाळलेले धनीराम बसले होते. टेकाड पाण्याखाली गेलं होतं आणि ते सकाळपासून पळसाच्या फांदीवर होते.

"झाडावर मुंगळे होते, खाली पाणी होतं," ते काकडत सांगत होते. "मी मुंगळे घेतले."

"बांधते म्हणे! डोंगा बांधते!" आजी त्यांच्या पाठीत धपाटे घालत होती आणि रडत होती. दोन्ही एकाच हाताने.

इथे गोष्ट संपली असती, तर मी आज निर्भय असतो. पण दुसऱ्या दिवसापासून गाव माझ्याकडे येऊ लागलं. हिरालालची सायकल कुठे आहे? रत्नाबाईंच्या लेकीला स्थळ कोणत्या दिशेचं? लोक पट्टी उजवीकडे सरकवायचे आणि पांढऱ्या जागेकडे हात जोडून बघत राहायचे. माझ्या कळांत कुंकू शिरलं. उदबत्तीच्या धुराने पंखा खोकू लागला. पोरांना कुणी जवळ येऊ देईना. देवाला हात लावायचा नसतो म्हणे. बिघाड मी सोसले होते. भक्ती मला सोसवत नव्हती. स्वातीबाई समजावून थकल्या.

शेवटी एक दिवस जिजाआजी आली. तिने माझ्या गळ्यातला हार काढला आणि सायकलवाल्या हिरालालच्या हातात दिला. "त्याले का माहीत होतं? माह्या पोरीले माहीत होतं. अन् आपन तिले इचारलं नाई. व्हय बाजूले." मग तिने रंजूला माझ्यासमोर बसवलं आणि स्वतः शेजारी मांडी घातली.

मित्रांनो, माझी विनंती मोठी नाही. आमच्यावर धूळ बसू देऊ नका, हळदकुंकू तर मुळीच नाही. आणि पोरांच्या चित्राला हसायच्या, घाबरायच्या किंवा ते पुसायच्या आधी जरा त्यांच्याजवळ बसा आणि विचारा.

रंजूने त्या दिवशी काळा रंग घेतला आणि अख्खा पडदा काळा केला. कोपरा ओढून आणखी काळा केला. माझा पंखा पुन्हा जोरात फिरू लागला. जिजाआजी उठू लागली; पण ती पुन्हा खाली बसली आणि तिने विचारलं, "माय, हे का काढलं?"

"म्हैस हाय," रंजू म्हणाली. "लय जवळून."