भिंतीवरची मार्चची तारीख

गावातल्या भिंतींवर जी लाल अक्षरं दिसतात ती माझ्या हातची आहेत. ‘काम थांबवा. परवाना दाखवा.’ आणि खाली तारीख. नगरसभेकडे रंगवायला पगारी माणूस नाही, म्हणून मी रोजावर. बांधकाम खात्याची गस्तीची गाडी निघाली की मी मागे रंगाचा डबा पायांत धरून बसायचो. साहेब काचेतून बोट दाखवायचा, मी उतरायचो. लोक शिव्या मला द्यायचे. साहेबाला कोण देणार? तो गाडीतून उतरतच नसे.

शाळा मी चौथीत सोडली. अक्षरं शिकलो ती न्हाव्याच्या दुकानांच्या पाट्या आणि मासेमारीच्या होड्यांची नावं रंगवून. होडीवरचं अक्षर दहा वर्षं समुद्र खातो तरी उरलं पाहिजे, तेव्हा माझं अक्षर कसं असेल ते समजा. आईला वाचता येत नाही. पण भिंतीवरची लाल ओळ बघून ती शेजारणींना सांगायची, “बघा, दोरी न लावता सरळ आलीय. माझ्या एबोची आहे.” काय लिहिलंय ते तिनं कधी विचारलं नाही.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती आजवर कुणाला सांगितलेली नाही.

नगरसभेच्या गाड्या दोन. एक लिहिणारी, एक पाडणारी. लिहिणारी गाडी आधीच लाल झालेल्या भिंतीपाशी थांबत नाही. तिला वाटतं, झालं हे घर. पाडणारी फक्त यादीतल्या घरांवर जाते. मग ज्या भिंतीवर लाल अक्षरं आहेत पण जिचं नाव यादीत नाही, तिला कोण हात लावणार? कुणीच नाही. हे मला तिसऱ्या महिन्यातच कळलं. आमच्या न्सुआनो वस्तीला कळायला आणखी एक आठवडा लागला.

“मास्टर, आमच्याकडेही एक लिहून जा की,” भट्टीवाली आंटी म्हणाली. पावाच्या भट्टीवर ती पत्र्याचं छप्पर टाकत होती.

“आंटी, ही शिवी आहे. लोक पुसायला बघतात, तुम्ही मागताय?”

“मेल्या, देवाचं नाव लिहिलं तर गाडी थांबते. तुझं लिहिलं तर निघून जाते. मग कुणाचं लिहून घेऊ?”

लिहिलं. मग सुताराच्या भिंतीवर, मग नर्स असलेल्या दोघी बहिणींच्या. फक्त तारीख मी मागची टाकायचो, दीड-दोन महिने जुनी. ताजी तारीख बघितली की गाडीतली पोरं विचारतात, आपण हे कधी केलं? जुनी बघितली की कुणी विचारत नाही. मागची तारीख हीच त्यातली कारागिरी. अशा एकेचाळीस भिंती केल्या. कुणी मासळी दिली, कुणी नुसतं तोंडभर आभार मानले.

आणि मग आईचा पाय गेला.

साखरेनं गेला. गुडघ्याखालून कापला. आमच्या आवारात सात बिऱ्हाडं, आणि संडास एकाकडेही नाही. सार्वजनिक संडास रस्ता ओलांडून, उताराखाली, चौदा पायऱ्या उतरून. पहाटे तिथं रांग असते. माझी मोठी बहीण एकुआ, मी तिला सिस्टर म्हणतो, आईला पाठीवर बांधून न्यायची, लेकराला बांधतात तसं फडक्यानं. आई फडक्याचं टोक तोंडावर ओढून घ्यायची. रांगेतले लोक बाजूला व्हायचे, चांगले होते, पण बाजूला होताना बघायचेच. आईनं आयुष्यभर बंदरावर मासे विकले. दहा माणसांच्या आवाजावर तिचा आवाज चढायचा. ती आता पाठीवरून जाताना श्वाससुद्धा दाबून घ्यायची.

मग तिनं संध्याकाळचं जेवण बंद केलं. मक्याच्या पिठाचा केंकी नको, मासा नको, पाणी दोन घोट. “भूक नाही गं,” म्हणायची. सिस्टर एकुआला कळलं होतं, मलाही कळलं होतं. रात्री पोटात काही नसलं तर पहाटे कुणाच्या पाठीवर बसायला लागत नाही. इतका साधा हिशोब. औषधाच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेऊन ती थरथरत झोपायची.

आठ बाय दहाची खोली. आत एक संडास, मागे खड्डा. एवढंच बांधायचं होतं. परसातली मोकळी जागा आमचीच, आजोबांच्या नावची.

मी म्हणालो, “उद्या सुरू करतो.”

“परवाना?” सिस्टर एकुआ म्हणाली. ती शाळेत कारकून आहे. कागद तिच्या रक्तात आहे.

“मी ज्या गाडीत बसतो ती आपल्या दारात येईल का, सिस्टर?”

“दुसरी येईल. आई आत बसलेली असताना भिंत पाडतील. मला ते बघायचं नाही. तुझी तयारी आहे का?”

तिनं राजधानी अक्राहून छापून आलेलं नियमांचं पुस्तक आणलं आणि बोट ठेवून मला वाचून दाखवलं. अर्ज दिल्यावर तीन महिन्यांत कार्यालयानं काहीच उत्तर दिलं नाही, तर अर्ज मान्य झाला असं धरून काम सुरू करता येतं. तिनं तीनदा वाचलं. “म्हणजे ते गप्प बसले तरी आपलंच,” ती हसून म्हणाली. “आणि गप्प बसणं तर त्यांना छान जमतं.”

नकाशा काढला, सह्या झाल्या, तीन फेब्रुवारीला फाइल दिली. पोच मिळाली. मग आम्ही थांबलो. तीन महिने एकुआ आईला पाठीवर नेत राहिली आणि कॅलेंडरवर काट मारत राहिली. कार्यालयातून चिटोरंही आलं नाही. मंजुरीची समिती जानेवारीपासून बसलेलीच नव्हती.

तीन मे उलटला. पाच तारखेला खड्डा खणायला घेतला. आईची खुर्ची परसात आणून ठेवली, ती बघत बसली. गवंडी दाराची खूण आखत होता, त्याला ओरडली, “अरे, दार एवढं अरुंद? मी एका पायाची आहे, अर्ध्या अंगाची नाही.” सगळे हसले. आई वर्षभरानं ओरडली होती. त्या संध्याकाळी तिनं केंकी मागितला. वर तळलेला मासा आणि शितोची जाळ चटणी. शितोनं नाक वाहेपर्यंत जेवली. पहाटे पाठीवरून जावं लागलं, पण फडकं तोंडावर ओढलं नाही. “अजून दहा-पंधरा दिवस,” तिनं रांगेतल्या बायकांना सांगितलं. “मग माझी जागा तुम्ही घ्या.”

खड्डा सुरू झाला त्याच संध्याकाळी मी ती चूक केली.

पुस्तकावर माझा विश्वास नव्हता. मी गाडीत बसलेला माणूस. कागद दाखवणाऱ्यांना साहेब काचेतून काय म्हणतो ते मी रोज ऐकलेलं. कागद घेऊन कार्यालयात या, आणि तोवर लिही रे एबो. मी म्हटलं, कागद असू दे, वरून माझंही एक कवच असू दे. ब्रश आणला आणि आवाराच्या पुढच्या भिंतीवर लिहिलं. ‘काम थांबवा. परवाना दाखवा.’ माझ्या आयुष्यातली सगळ्यात देखणी ओळ. आणि खाली, सवयीनं, हात न थांबता, मागची तारीख टाकली. सतरा मार्च.

एकुआ कामावरून आली, भिंतीपाशी थबकली. मी म्हणालो, “घाबरू नकोस, माझंच आहे.”

“पुस.”

“सिस्टर, एकेचाळीस घरं याच्यावर उभी आहेत.”

“आपल्याला गरज नाही याची. पुस, एबो.”

“छप्पर चढलं की पुसतो.”

नाही पुसलं.

दहाव्या दिवशी छपराचे वासे चढत होते तेव्हा गाडी आली. आणि या वेळी साहेब उतरला. क्वेनॉर साहेब, नवीन, तरुण, बुटांना धूळ नाही. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, परसात गेला, खोलीचा फोटो काढला, पुन्हा भिंतीचा काढला. “उद्या दहाला कार्यालयात या,” एवढंच बोलला.

एकुआ पुस्तक, पोच आणि कॅलेंडर घेऊन गेली. मी तिच्या मागे. तिनं टेबलावर सगळं मांडलं आणि नियम वाचून दाखवला. साहेबानं शेवटपर्यंत ऐकलं. मधे तोडलं नाही. म्हणाला, “बरोबर वाचलंत मॅडम. तीन महिन्यांत उत्तर नाही, तर मान्य.”

एकुआनं श्वास सोडला.

“पण उत्तर दिलंय ना.” त्यानं फोन पुढे केला. फोटोत माझी ओळ. “सतरा मार्च. अर्जानंतर बेचाळीसाव्या दिवशी कार्यालयानं तुम्हाला काम थांबवायला सांगितलं. तुम्ही ते वाचूनही काम सुरू केलंत.”

“हे तुमच्या यादीत आहे?” एकुआ म्हणाली. “यादी दाखवा.”

“यादी कॉम्प्युटरवर चढवताना गेली. फेब्रुवारीत. तेव्हापासून भिंत हीच आमची नोंदवही. तसा आदेश आहे.” त्यानं आदेशही दाखवला. शिक्का होता.

मला कुणी सांगितलं नव्हतं. रोजावरच्या माणसाला आदेश कोण दाखवतो?

“ते तुमचं नाहीच,” एकुआ म्हणाली, “ते तर...” आणि थांबली. माझ्याकडे बघितलं.

साहेब माझ्याकडे वळला. “एबो, हे अक्षर तुझं ना?”

“होय साहेब.”

“गावातली सगळी लाल अक्षरं तुझीच ना?”

“होय साहेब.”

“मग हात तुझा, म्हणजे हुकूम आमचा.” तो मूर्ख नव्हता. त्यानं एक कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं. “वेगळं काही नसेल तर बाकीच्या भिंती उकरायचं मला कारण नाही. असेल तर लिहून दे. कुठली खरी, कुठली खोटी. सगळ्या भिंतींची. मग मी एकेक तपासतो. खोटी असली तर घरमालकाचं काम पाडणार, आणि लिहिणाऱ्याला पोलिसांकडे. लिही.”

त्यानं लाच मागितली असती तर मी त्याचे पाय धरले असते. मागणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, त्याच्याशी बोलता येतं. याला काही नको होतं. याच्याकडे नियम होता आणि नियमात आमची मान.

मी पेन उचललं. खरंच उचललं. तुरुंगाचं मला भय नव्हतं, ते सोडा. पण भट्टीवाली आंटी डोळ्यांपुढे आली, तिच्या भट्टीवर पाच पोटं आहेत. सुताराची मुलगी नव्या खोलीत बाळंत झालेली, बाळ नऊ दिवसांचं. एकेचाळीस छपरं. आणि लिहूनही आमची खोली वाचेलच असं तो बोललाच नव्हता. मी एकुआकडे बघितलं. ती एक शब्द बोलली असती तर मी लिहिलं असतं. तिनं कॅलेंडर गुंडाळायला घेतलं. त्यावर नव्वद दिवस तिनं काट मारून मोजलेले होते.

मी पेन ठेवलं.

“शहाणा आहेस,” साहेब म्हणाला.

एक तास लागला पाडायला. आईची खुर्ची मी आधीच पुढच्या बाजूला नेऊन ठेवली होती, तिला दिसू नये म्हणून. आवाज तर येतच होता. खड्डा दगडमातीनं भरून टाकला. पुढच्या भिंतीला त्यांनी हात लावला नाही. ती जुनी, कायदेशीर. पाडणारी पोरं माझ्या ओळखीची, माझ्याच हातचा चहा प्यायलेली. जाताना एकजण म्हणाला, “मास्टर, साहेबांनी सांगितलंय, ती अक्षरं पुसायची नाहीत. पुसली तर गुन्हा. नोंद आहे ती.”

आई भिंतीसमोर बसलेली होती. बराच वेळ बघत होती.

“एबो, हे तुझं ना?”

“हो आई.”

“काय लिहिलंयस रे?”

आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. एकुआ दारात उभी होती. तिनं ते माझ्यावर सोडलं. तेवढी शिक्षा तिनं मला दिली.

“काम थांबवा,” मी म्हणालो.

“आणि खाली ते आकडे?”

“तारीख.”

“कुठली?”

“चुकीची.”

ती पुन्हा बघत राहिली. मग म्हणाली, “ओळ मात्र सरळ आहे.” त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

नव्यानं अर्ज करायचा तर आधी जागा पूर्ववत केल्याचा दाखला लागतो. दाखला समिती देते. समिती बसलेली नाही. एकुआनं फाइल पुन्हा दिलीय, पोच घेतलीय, नवं कॅलेंडर मात्र आणलेलं नाही. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मी अजून गाडीत बसतो. काम सोडलं तर भिंतींकडे बघायला दुसरा कुणी येईल, आणि त्याला माझी खरी-खोटी अक्षरं वेगळी दिसतील.

खोली पाडली त्या संध्याकाळी मी केंकी आणला, मासा आणला, शितो आणला. आईपुढे ठेवला. तिनं ताटलीच्या कडेला बोट लावलं आणि ती एकुआकडे सरकवली.

“भूक नाही गं,” म्हणाली.