खुंटीवरचे हातमोजे

राहीबाई उभ्या जन्मात दोनदा खोटं बोलली, आणि दोन्ही वेळा लालासाहेब हवालदाराशी. एरवी बाई अशी की विकायच्या दुधात पाण्याचा थेंब घालायची नाही, दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलायची नाही. म्हणून तर हवालदारानं तिच्या शब्दावर डोळे मिटून भरवसा ठेवला. आता त्याला तरी काय बोल लावायचा?

लालासाहेब फौजेतून पेन्शनीवर आला तो एक ट्रंक आणि मुठींच्या खेळाचे चार जोड हातमोजे घेऊन. कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, कृष्णेकाठच्या त्या गावात घरटी एक माणूस फौजेत. पण हा खेळ गावात कुणी मांडला नव्हता. त्यानं तालमीमागच्या अंगणात चार मेढी रोवल्या, मोटेचा जुना नाडा भोवतीनं ताणला आणि लिंबाला रुळाचा तुकडा टांगला. टोला पडला की सुरू, टोला पडला की बंद. म्हातारी माणसं नाक मुरडायची. "ही कसली रं कुस्ती? माती न्हाई, पकड न्हाई, नुसतं एकमेकाचं थोबाड फोडायचं!" पोरं मात्र तुटून पडली. मुठी चालवणाऱ्याला पलटण आधी उचलते, हे पोरांच्या कानावर आलं होतं.

हवालदाराचा कायदा कडक होता. डोक्याला मार बसून पोरगं गडबडलं की तो खेळ थांबवायचा आणि तीन सवाल टाकायचा. नाव काय, गाव कंचं, आज वार कंचा? एक जरी चुकला तरी मोजे काढून घ्यायचा आणि स्वतः जाऊन पोराच्या आईच्या हातात द्यायचा. तीन आठवडे ते तिच्या घरात खुंटीला. डोकं दुखायचं थांबलं, विसर पडेनासा झाला, पोरगं पहिल्यासारखं बोलू-चालू लागलं, की आईनं आपल्या हातानं मोजे परत आणायचे. पोरानं आणलेले चालायचे नाहीत.

"पोरगं खोटं बोलंल," हवालदार म्हणायचा. "आय न्हाई बोलायची."

राहीबाईचा नवरा कधीच गेला होता. लेक दोन. थोरला नाथाजी एकाहत्तरच्या लढाईत पडला. तार आली, मागून त्याची काळी ट्रंक आली; नाथाजी आला नाही, त्याची राखही आली नाही. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. दहाव्याला नदीवर पिंड मांडला, तर कावळे बाभळीवर बसून राहिले. भावकीनं हात जोडून सगळं कबूल केलं, धाकट्या सयाला सांभाळू, आईला अंतर देणार नाही. कावळा काही खाली उतरेना. उन्हं कलली तेव्हा दर्भाचाच कावळा करून शिववला आणि लोक घरी गेले.

राहीबाईच्या मनात मात्र एकच गोष्ट रुतून बसली. लेकाला शेवटी घोटभर पाणी कुणी दिलं असेल का? तीन वर्षं झाली, कुणाला विचारावं तेच तिला कळत नव्हतं.

धाकटा सयाजी वीस वर्षांचा, अंगानं काटक, हवालदाराच्या हाताखाली चांगला तयार झालेला. माघात सांगलीला मोठ्या लढती होत्या आणि त्या बघायला पलटणीचे साहेब येणार होते. पोराला दुसरं काही सुचत नव्हतं.

दिवाळी सरली आणि एका दिवेलागणीला फाटकाची कडी वाजली. राहीबाई भाकरी थापत होती. सयाजी फाटक उघडून आत आला नाही. कुणाला तरी वाट द्यावी तसा बाजूला सरून फाटक धरून उभा राहिला.

"कुणासाठनं धरलंयस रं फाटक?"

"दादा हाय की मागं," सया सहज म्हणाला. "पाय धुतोय."

फाटकाशी पाय धुवायचा दगड होता. सुट्टीवर आलेला नाथाजी त्यावर टाच तीनदा घासायचा आणि पाय धुऊन झाले की तांब्या दगडावर पालथा घालायचा. ती सवय त्याची एकट्याची. सयानं जन्मात कधी पाय धुतले नव्हते, चिखलासकट घरात शिरायचा. राहीबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. दगड कोरडा ठणठणीत होता, तांब्या सरळ होता.

मागोमाग हवालदार मोजे घेऊन हजर. "वैनी, तालमीतल्या गुंड्याचा ठोसा कानशिलावर बसलाय. नाव सांगितलं, गाव सांगितलं, वार चुकला. उलटी हुईल, उजेड सोसायचा न्हाई, बोलण्यात फरक पडंल. घाबरू नका. निजू द्या आन् ध्यान ठेवा." त्यानं मोजे तिच्या हातात दिले. आतून अजून कोमट होते.

जेवायला बसल्यावर सयानं ताटाकडं बघितलं. "दादाला न्हाई वाढलं?"

राहीबाईनं मुकाट्यानं दुसरं ताट मांडलं. सया त्या ताटाकडं तोंड करून हसला, मान डोलावली, आणि अर्ध्या जेवणावरून उठून परसात ओकला. सकाळी त्याला यातलं काही आठवत नव्हतं. "मी? मी कवा म्हणलो? तुजं कायतरीच, आये."

दोन दिवस तो अधूनमधून दारापलीकडं कुणाशी तरी बोलल्यासारखं करायचा. तिसऱ्या दिवशी डोकेदुखी उतरली आणि नाथाजीचं नाव निघायचं थांबलं. हवालदारानं सांगितलं होतं तसंच सगळं झालं. मार लागला की बोलणं भरकटतं, मार उतरला की जागेवर येतं. राहीबाईला हे कळत नव्हतं असं नाही. पण तीन वर्षांत पहिल्यांदा थोरल्याची चाहूल लागली होती. आता धाकटा जसा बरा होत होता, तशी ती चाहूल लांब चालली होती. लेक बरा होतोय आणि आईला चैन पडत नाही, असं कुठं असतं का? पण तिचं झालं खरं.

दहाव्या दिवशी ती खुंटीवरचे मोजे घेऊन तालमीकडं गेली.

"वैनी, तीन आठवडं कुठं झालं?"

"पोरगं पाक बरं झालंय, भावजी."

"डोकं?"

"न्हाई दुखत."

आदल्याच रात्री सया कपाळाला फडकं आवळून निजला होता. हवालदारानं क्षणभर तिच्या तोंडाकडं बघितलं. राहीबाईनं नजर चुकवली नाही. त्यानं मोजे घेतले.

दुसरा मार आठवडाभरानं बसला. त्या दिवशी राहीबाई सकाळपासून नुसती फाटकाकडं बघत होती. संध्याकाळी तिनं दोन ताटं आधीच मांडून ठेवली होती, हे मी मुद्दाम सांगतो. सया झोकांड्या खात आला, फाटक धरून बाजूला सरला.

"आला का दादा?" तिनंच विचारलं. आवाजात भीती नव्हती, आनंद होता. मेला असला आनंद!

"आलाय." सया भिंतीला टेकून बसला. त्याच्या डाव्या डोळ्याची बाहुली उजव्यापेक्षा मोठी दिसत होती. "गारठलाय म्हणतोय. तहान लय लागली व्हती म्हणतोय."

राहीबाई त्याच्यापुढं उकिडवी बसली. "मग पाणी मिळालं का? इचार त्येला. शेवटाला पाणी मिळालं का म्हणावं!"

सयानं फाटकाकडं बघितलं. कुणी लांबून बोलत असावं तसा कान दिला. चूल फुरफुरत होती, गोठ्यात बैलाची घुंगरं वाजली आणि थांबली. मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "सांगतोय... सांगतोय, आये. पण ऐकू यीना. कानात टोला वाजतोय." आणि तो आडवा झाला.

या खेपेला हवालदार अंगणात बसून बोलला. "वैनी, नीट ऐका. आमच्या पलटणीत एक पोरगं व्हतं. पयला मार उतरायच्या आधी दुसरा बसला. दुसरा म्हंजे काय, टिचकीच. पन मेंदू आधीच सुजलेला. डोळ्यादेखत पोरगं गेलं. तवापासनं हा कायदा केलाय म्या. आता दोन म्हयने. सांगलीबिंगली इसरा. सया पाया पडंल, रडंल, पन मोजे तुमच्यापाशी. तुमी आणून दिलं तरच मी बांधनार."

"व्हय," राहीबाई म्हणाली.

मोजे खुंटीला लागले. सया दुपारीसुद्धा उजेडाला तोंड फिरवून बसू लागला. भाजीत मीठ घातल्यावर पुन्हा मीठ मागायचा. एकदा गोठ्यात उभा राहून स्वतःच्या हातानं वाढवलेल्या बैलाचं नाव त्याला आठवेना. "ह्येचं नाव काय गं, आये?" तिनं सांगितलं, "पाखऱ्या." तो हसला, आणि जरा वेळानं पुन्हा तेच विचारलं. पण चार दिवस सरले तसं हेही कमी झालं. दारापलीकडचं बोलणं बंद झालं. राहीबाई रोज दोन ताटं मांडायची आणि सया म्हणायचा, "दुसरं कुनाचं?"

लेक दारापर्यंत आला होता, सांगत होता, आणि ऐकू आलं नाही. नुसतं एवढं एकदा कळू दे. व्हय किंवा न्हाई, एवढंच. मग मोजे विहिरीत टाकीन, सयाला कुठं हलू देणार नाही, अशी तिनं देवापुढं शपथ घेतली. देवापुढं! देवाला काय, त्यानं ऐकून घेतलं.

सयानं पण जीव नकोसा केला होता. "आये, पौष तोंडावर आलाय. सांगली हातची जाईल. मी ठीक हाय, दे की मोजे." पोरगं मागतंय, तिनं स्वतःला सांगितलं. आपण कुठं ढकलतोय?

बाराव्या दिवशी ती गेली. हवालदार घोंगडीवर बसून चामड्याला तेल लावत होता. तिला बघून उठलाच.

"वैनी, दोन म्हयने म्हणलो व्हतो."

"भावजी, आयला कळत न्हाई व्हय? पोरगं पयल्यावानी झालंय. बोलतंय, जेवतंय, राबतंय."

"काय इसरत न्हाई?"

बैलाचं नाव तिच्या ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. "काय न्हाई."

हवालदारानं मोजे घेतले ते बराच वेळ हातात धरून ठेवले. "आज नुसतं हातपाय मोकळं करू दे," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "डोक्याला न्हाई मारायचं, गुंड्याला बजावतो."

गुंड्यानं मारलंही नाही. त्याचा पसरलेला हात नुसता सयाच्या कपाळाला लागला, लेकरू आईला मारतं तेवढाच. सया थबकला. हवालदारानं टोला दिला आणि तिन्ही सवाल विचारले. सयानं नाव सांगितलं ते ऐकून हवालदाराच्या हातातला टोल्याचा दांडका खाली पडला. तो सावरेपर्यंत पोरगं नाड्याखालून निघून घरच्या वाटेला लागलं होतं, ताठ, पलटणीच्या चालीनं.

राहीबाई दाराशीच उभी होती. फाटक वाजलं. या वेळी त्यानं कुणासाठी फाटक धरलं नाही. तो दगडावर चढला. त्यानं टाच घासली. एकदा, दोनदा, तीनदा. पाय धुतले. तांब्या पालथा घातला. मग वळचणीखालून वाकून आत आला. सया कधी वाकत नसे. उंच होता तो नाथाजी.

"बय," तो म्हणाला.

सया तिला आये म्हणायचा. बय म्हणणारा एकच होता. तो पाटावर बसला, घागरीतलं पाणी मागून घेतलं आणि गटागटा प्यायला.

"मिळालं पाणी, बय. लय तहान लागली व्हती. सयानं तिथवर आणून दिलं."

तीन वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगला होता ते तिच्या कानावर पडलं, आणि तिला ओरडावंसं वाटलं.

त्यानं ताट जवळ ओढलं, मग इकडंतिकडं बघितलं. "पण सया कुठं हाय? माझ्या मागंच व्हता की."

"सया!" राहीबाईनं त्याचे खांदे धरून गदागदा हलवले. "आरं सया, माज्याकडं बघ! मी आये, तुजी आये!" तो तिच्याकडं मायेनं बघत राहिला. त्याच्या एका कानातून रक्ताची बारीक धार आली होती. धापा टाकत हवालदार दारात आला तेव्हा ती जमिनीवर कपाळ आपटत होती.

रातोरात गाडी करून मिरजेला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी जीव वाचवला. बाकीचं जे गेलं ते परत येईल का, यावर त्यांनी मान हलवली. दवाखान्याच्या पायरीवर हवालदार राहीबाईशेजारी बसला. "वैनी, एकदाच खरं सांगा. पोरगं बरं व्हतं न्हवं?"

"न्हवतं," ती म्हणाली. "दोनी येळंला न्हवतं."

तो उठला. गावी जाऊन त्यानं नाडा कापला, मेढी उपटल्या. रुळाचा तुकडा तेवढा लिंबाला राहिला.

पोरगं जगलं. शेतात राबतं, कुणाला त्रास देत नाही. फक्त नाथाजी म्हटल्याशिवाय ओ देत नाही. रोज दिवेलागणीला येतं, टाच तीनदा घासतं, तांब्या पालथा घालतं आणि पाटावर बसून विचारतं, "सया आला का, बय?"

राहीबाई फाटकाकडं बघते. दगडावर एकाच माणसाची ओली पावलं असतात.

"हाय की मागं," ती म्हणते. "पाय धुतोय."

आणि दुसरं ताट वाढते.